झुरळ काचेवर चढतं कसं, आणि त्याला डब्यात ठेवायचं कसं

घरात अरोवाना मासा असो, लेपर्ड गेको नावाची ठिपक्यांची पाल असो की शुगर ग्लायडर हा खारीसारखा छोटा प्राणी, त्याच्यामागोमाग त्याच्या खाद्याचा आणखी एक डबा घरात येतोच. त्यात रातकिडे असतात, सुपरवर्म म्हणजे भुंग्याच्या जाड अळ्या असतात, नाहीतर चक्क झुरळं. पाळलेल्या प्राण्याला घरच्यांचा फारसा विरोध नसतो. माशाच्या टाकीपुढे तर पाहुण्यांना मुद्दाम नेऊन उभं करतात. विरोध असतो तो या दुसऱ्या डब्याला, आणि तो रास्तच आहे. पुण्यात पेठेतल्या जुन्या वाड्यात एखादा किडा सुटला तर तो कुणाचा हे कुणी विचारायला येत नाही. बाणेर-वाकडच्या सोसायटीत मात्र तो पाचव्या मिनिटाला व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर जातो, फोटोसकट.

यावर बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं: झाकण घट्ट लावा. माझ्या मते घोळ तिथेच सुरू होतो. झाकणाला हवेसाठी जाळी ठेवावी लागते, दिवसातून एकदा-दोनदा ते उघडावंच लागतं, आणि ज्या किड्याला भिंत चढता येते तो त्या वेळी झाकणाच्याच आतल्या बाजूला उलटा लटकलेला असतो. तुम्ही झाकण उचललंत की तोही डब्याबाहेर आला. म्हणून झाकण ही दुसरी फळी. पहिली फळी म्हणजे भिंत. किडा वरच्या चार बोटांपर्यंत पोहोचलाच नाही तर झाकणाचं काम फार हलकं होतं.

आणि भिंत राखायची तर आधी किड्याचा पाय नीट बघायला हवा.

काचेच्या बरणीत एखादं झुरळ ठेवा, ते भिंतीवर चढलं की बाहेरून टॉर्च मारा आणि भिंगातून त्याचं पाऊल बघा. अगदी टोकाला दोन वाकडी नखं दिसतील. दोन नखांच्या मधे एक मऊ, फिकट गादी असते आणि मागे पावलाच्या पेऱ्यांखाली आणखी बारीक गाद्या असतात. नखाचं काम अडकायचं. त्याला भिंतीवर खाच, ओरखडा किंवा धुळीचा कण असं काहीतरी लागतं, आणि तेही नखाच्या टोकाच्या मानाने पुरेसं मोठं लागतं. स्वच्छ काचेवर असं काही नसतं, म्हणून नुसत्या नखांच्या भरवशावर चढणारा किडा तिथे घसरतो. गादीचं काम चिकटायचं. तिच्यातून द्रवाचा अतिशय पातळ थर पाझरतो, त्यात थोडा तेलकट आणि थोडा पाणीदार अंश असतो. मऊ गादी आणि हा थर मिळून काचेला अगदी लगटून बसतात. पाय शरीराकडे ओढला की गादी पसरते आणि पकड वाढते. पाय पुढे सरकवून उचलला की ती कडेपासून सुटत जाते. त्यामुळे तेच झुरळ काचेला घट्ट धरूनही बसतं आणि पुढच्या क्षणाला सुसाट पळतंही.

ट्यूबलाइटजवळची पाल याच भिंतीवर चालते, पण तिची तऱ्हा निराळी. तिच्या बोटांखाली लाखो अतिसूक्ष्म केस असतात आणि ते द्रवाशिवाय, कोरडेच चिकटतात. पालीची गोष्ट एवढ्यासाठी काढली, की ‘पाल जिथे चढते तिथे झुरळही चढणारच’ असं समजून लोक भलतेच उपाय करतात.

तर डब्यातल्या किड्यांची पहिली विभागणी इथेच होते. ज्यांची गादी काम करते ते, आणि ज्यांच्याकडे फक्त नखं आहेत ते. खाद्य म्हणून सर्वात जास्त पाळलं जाणारं ड्युबिया झुरळ दक्षिण अमेरिकेतलं. ते दुसऱ्या गटात येतं. खरखरीत पुठ्ठ्यावर, किड्यांना लपायला डब्यात ठेवलेल्या कोंबडीच्या अंड्यांच्या ट्रेवर ते मजेत चढतं, पण स्वच्छ काचेवर किंवा गुळगुळीत प्लॅस्टिकवर त्याचे पाय नुसतेच चालत राहतात. नराला पंख असतात, मात्र त्याचं उडणं म्हणजे वरून खाली फडफडत येणं. लॉबस्टर रोच आणि मादागास्करचं फुत्कारणारं झुरळ हे पहिल्या गटातले; काच त्यांना अंगणासारखी. रेड रनर म्हणून विकलं जाणारं मध्य आशियातलं झुरळ गुळगुळीत भिंत चढत नाही, पण पळतं भयंकर, आणि वर ते अंड्यांच्या कुप्या टाकतं. ड्युबिया आणि लॉबस्टर यांच्या माद्या कुपी पोटातच बाळगून जिवंत पिल्लं घालतात. रेड रनरची कुपी मात्र कचऱ्याबरोबर किंवा जुन्या ट्रेला चिकटून बाहेर जाऊ शकते आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

रातकिडा काच चढत नाही, तो उडी मारतो. मीलवर्म (याही भुंग्याच्याच अळ्या, जरा लहान) आणि सुपरवर्म चढतही नाहीत आणि उड्याही मारत नाहीत.

एवढं कळलं की पहिला सल्ला आपोआप निघतो: सांभाळायला सोपा किडा निवडा. लॉबस्टर रोच लहान असतं, अंगाने मऊ असतं, भराभर वाढतं, म्हणून दुकानदार त्याची शिफारस करतात. पण हाताएवढ्या अरोवानाला ड्युबिया आणि सुपरवर्म चालत असतील तर भिंती चढणाऱ्या किड्याचा व्याप कशाला मागे लावून घ्यायचा? छोट्या गेकोला बारीक खाद्य लागतं हे खरं. त्याला ड्युबियाची पिल्लं द्या.

पिल्लं म्हटली की एक गंमत सांगायला हवी, कारण ती बऱ्याच जणांना गोत्यात आणते. मोठा किडा चढत नाही म्हणून त्याचं पिल्लूही चढणार नाही, असं नाही. किड्याची लांबी निम्मी झाली तर पायाखालचं क्षेत्रफळ साधारण एक चतुर्थांश होतं, पण वजन एक अष्टमांश होतं. म्हणजे वजनाच्या मानाने त्याची पकड दुप्पट झाली. शिवाय बारीक नखाला बारीक ओरखडाही पुरतो. अंड्यातून नुकतंच निघालेलं रातकिड्याचं पिल्लू जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचं असतं. ज्या डब्यात त्याची आई महिनाभर अडकून पडली, त्याच डब्याच्या धुळकट भिंतीवरून ते आरामात वर जातं. रातकिड्यांची अंडी उबेत दहा दिवस ते दोन आठवड्यांत फुटतात. आधी घट्ट वाटणारा डबा अचानक ‘गळायला’ लागला तर बहुधा त्यात पिल्लं झालेली असतात.

आता धुळकट भिंतीबद्दल. नवा डबा गुळगुळीत असतो; महिन्याभराने तो तसा राहत नाही. किड्यांची वाळलेली विष्ठा, कोंड्याची भुकटी, गाजराचा रस, सगळ्याचा एक पातळ थर भिंतीवर बसतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण बोट फिरवलं की कळतो. नखांना तेवढंच हवं असतं. वरचा सात-आठ सेंटिमीटरचा पट्टा दर आठवड्याला ओल्या फडक्याने पुसून कोरडा करायचा, एवढंच काम आहे आणि तेच सर्वात जास्त टाळलं जातं. मात्र डबा भांड्यांच्या सिंकमध्ये ठेवून विसरू नका. तारेच्या घासणीने एकदा जरी घासला गेला तर प्लॅस्टिकवर उठलेले ओरखडे कायमचे. मऊ स्पंज वापरा. जो डबा आधीच ओरखडलाय तो किड्यांसाठी बाद, त्यात कांदे ठेवा.

काचेच्या टाकीचा कमकुवत भाग म्हणजे कोपरे. दोन काचा जोडणारी सिलिकॉनची रेघ रबरासारखी असते, तिथे नखं मस्त रुततात. चारही कोपऱ्यांतून वर जाणाऱ्या चार शिड्या आपणच बांधून दिलेल्या असतात. त्यावर इलाज साधा आहे: कोपऱ्यात रुंद, गुळगुळीत पॅकिंगची टेप उभी लावायची, सुरकुती न पडू देता. प्लॅस्टिकच्या डब्याला आतून वरच्या काठालगत टेपचा एक आडवा पट्टा लावला तर ड्युबिया आणि रातकिड्यांसाठी तो पुरतो. टेप जुनी होऊन कड सुटली की त्या कडेला धरून किडा वर जातो, तेव्हा कड दिसताच बदला.

काच चढणाऱ्यांना टेपने काही होत नाही, कारण त्यांची गादी टेपलाही चिकटते. तिथे अडथळा असा हवा की गादीला पकडायला टणक पृष्ठभागच मिळू नये. सगळ्यात स्वस्त उपाय पेट्रोलियम जेलीचा. काठाच्या थोडं खाली, बोटाने, सात-आठ सेंटिमीटर रुंद पट्टा पातळ लावायचा. गादी जेलीत बुडते, तिला आधार मिळत नाही, पाय बरबटतात आणि किडा मागे फिरतो. जाड थर दिला तर पिल्लं त्यात रुतून मरतात आणि मग त्या मेलेल्या पिल्लांवरून बाकीची चालत जातात. धूळ बसूनही पूल होतो. एप्रिल-मेमध्ये पुण्यातली बंद खोली तापली की जेली पातळ होऊन भिंतीवरून ओघळते, आणि डब्याखाली हीटिंग मॅट असेल तर लवकरच ओघळते. म्हणून उन्हाळ्यात दर आठवड्याला पुसून नवा पट्टा. जेलीऐवजी खायचं तेल किंवा तूप लावायचा मोह आवरा. ते खवट होतं आणि घरभरच्या मुंग्यांना आमंत्रण देतं.

दुसरा उपाय पीटीएफईच्या द्रावाचा. नॉनस्टिक तव्यावर असतं तेच हे द्रव्य, पाण्यात मिसळलेलं. कापसाच्या बोळ्याने काठाखाली एकच पातळ हात फिरवायचा आणि वाळू द्यायचा. मागे पांढुरका थर राहतो. त्यावर नखं रुतत नाहीत, गादी चिकटत नाही, आणि पालीलाही कोरड्या पीटीएफईवर धड चालता येत नाही. मुंग्या पाळणारे लोक हाच वापरतात. महाग असतो, पण हात न लावता ठेवला तर कित्येक महिने टिकतो. बोट लागलं, ओला झाला, झाकण घासलं गेलं, की त्या जागेपुरता संपला.

तिसरा म्हणजे टाल्कम पावडर. सर्जिकल स्पिरिटमध्ये पावडर कालवून ब्रशने पट्टा ओढायचा; स्पिरिट उडून जातं, पावडरीचा बारीक थर उरतो. ही युक्ती मला फार आवडते, कारण इथे भिंत निसरडी होतच नाही. किड्याची गादी पावडरीच्या कणाला उत्तम चिकटते, पण कण भिंतीला चिकटलेला नसतो. कण सुटतो, त्याच्याबरोबर किडाही. शिवाय पावडर गादीवरचा द्रव शोषून घेते. खोट एवढीच, की चालून चालून किडे आपले पाय साफ करतात आणि प्रत्येक प्रयत्नाबरोबर थोडी पावडर खाली जाते. हट्टी झुरळं रात्रभर धडका देत राहिली तर दोन-चार दिवसांत वाट मोकळी होते.

पावडरीवरून एक इशारा. घरात टाल्कम नसेल तर कॅरमची पावडर वापरू, असा विचार करू नका. कॅरमवर टाकायची पावडर पुष्कळदा बोरिक पावडर असते, आणि बोरिक ॲसिड हे झुरळं मारायचं औषध आहे. पाय साफ करताना ती किड्याच्या पोटात जाते. किडा मेला तर त्याचं नुकसान, आणि मरायच्या आत गेकोला खायला घातला तर तुमचं.

पुण्यात या सगळ्याची परीक्षा घेतो पावसाळा. जून ते सप्टेंबर हवेत इतका दमटपणा असतो की पावडर ओली होऊन भिंतीला घट्ट बसते, म्हणजे तिचा सगळा मुद्दाच जातो. पीटीएफईचा थरही दमट हवेत कमी पडतो. डब्यात गाजर, काकडी, ओला स्पंज ठेवला असेल तर रात्री भिंतींवर आतून बाष्प धरतं आणि सकाळी त्या थेंबांवरून पिल्लं वर गेलेली सापडतात. पावसाळ्यात मी तरी जेलीवरच भिस्त ठेवतो, कारण तिला पाण्याचं सोयरसुतक नाही. बरोबरीने ओलं खाद्य रात्री काढून घ्यायचं आणि झाकणावरची जाळी मोठी करायची, म्हणजे आतली वाफ बाहेर जाते. झाकणात चार भोकं पाडून भागत नाही. मधला मोठा चौकोन कापून तिथे जाळी बसवा.

जाळी कुठली, यावर बरंच अवलंबून आहे. खिडकीला लावायची नायलॉनची जाळी रातकिडे कुरतडतात. रविवार पेठेत बोहरी आळीत स्टीलची किंवा ॲल्युमिनियमची बारीक जाळी कापून मिळते, ती घ्या आणि ग्लू गनने चारही बाजूंनी, मधे फट न ठेवता चिकटवा. पिल्लं असतील तर डासांची जाळीही मोठी पडते. तिच्यावर सुती कापडाचा एक थर द्या.

आत अंड्यांचे ट्रे रचताना त्यांचा वरचा काठ आणि झाकण यांत किमान पंधरा सेंटिमीटर जागा सोडा, आणि ट्रे भिंतीला टेकवू नका. भिंतीवर कितीही जेली लावा, ट्रे कलंडून काठाला टेकला की सगळं फुकट. पुठ्ठा ओल धरून वाकतो आणि कलंडतो, हेही पावसाळ्यातच जास्त. रातकिड्यांसाठी डबाच खोल घ्या, म्हणजे ट्रेच्या माथ्यावरून मारलेली उडी काठापर्यंत पोहोचत नाही.

काही किडे चढत नाहीत, ते भिंतच खातात. मीलवर्म थर्माकोलच्या खोक्यात ठेवणारे लोक मी पाहिलेत, कारण थर्माकोल ऊब धरून ठेवतो. 2015 मध्ये स्टॅनफर्ड आणि चीनमधल्या संशोधकांनी दाखवलं, की शंभर मीलवर्म दिवसाला 34 ते 39 मिलिग्रॅम थर्माकोल खातात. म्हणजे खोकं हळूहळू, पण आतून पोखरलं जाणारच. मेणकिडा तर याहून पुढचा. मधमाश्यांच्या पोळ्यातलं मेण पोखरणारी ही अळी, मधपाळांची जुनी वैरीण. गणेशखिंड रस्त्यावर 1962 पासून केंद्रीय मधमाशी संशोधन संस्था आहे, तिथल्या कुणालाही ती नवीन नसणार. पातळ प्लॅस्टिक ती भोक पाडून पार करते. तिच्यासाठी काचेची बरणी आणि धातूची जाळी, दुसरा पर्याय नाही.

फळमाश्यांचं प्रकरण वेगळं आहे. छोटे बेडूक, माशांची पिल्लं यांच्यासाठी न उडणाऱ्या फळमाश्या पाळतात. उडत नसल्या तरी काचेवर त्या झरझर चढतात, आणि बाटली हलली की वरच्या दिशेनेच पळतात. बाटली उघडण्याआधी ती घडी घातलेल्या टॉवेलवर दोन-तीनदा आपटा. माश्या तळाला पडतात आणि परत वर यायला त्यांना काही सेकंद लागतात. तेवढ्यात काम उरकायचं. पाषाणच्या आयसर या विज्ञानसंस्थेसारख्या ठिकाणीही फळमाश्यांवर संशोधन चालतं, आणि प्रयोगशाळांमध्ये त्यांच्या नळ्यांना सहसा कापसाचं बूच असतं: हवा जाते, माशी जात नाही. घरीही तेच करा. उन्हाळ्यात मात्र एक भानगड होते. खुरट्या पंखांची जी जात मिळते, तिच्या अळ्या तीस अंशांच्या आसपास किंवा त्याहून जास्त तापमानात वाढल्या तर त्यांचे पंख अधिक मोठे होतात. एप्रिलमध्ये बाटली गच्चीलगतच्या खोलीत ठेवाल तर पुढची पिढी पंख घेऊन बाहेर येईल. सावलीची, गारशी जागा बघा.

आणि ज्यांनी किडे पाळलेच नाहीत, त्यांच्याकडेही एक चढणारी अळी असते. मोठ्या सोसायट्यांना ओला कचरा आवारातच जिरवावा लागतो, आणि त्या पिंपात काळी सैनिक माशी (ब्लॅक सोल्जर फ्लाय) स्वतःहून येऊन अंडी घालते. तिची अळी कचरा झपाट्याने संपवते आणि कोंबड्यांना, माशांना उत्तम खाद्य होते. पण पूर्ण वाढली की ती खाणं थांबवते, गडद होते आणि कोरडी, अंधारी जागा शोधायला निघते. तिला ना नखांची मदत ना गादीची; ओला कागद काचेला चिकटून राहतो तशी ती ओल्या अंगाने ओल्या भिंतीला चिकटते आणि उभ्या पिंपावर चढते. सकाळी पार्किंगमध्ये अळ्यांची रांग दिसते आणि सेक्रेटरींना फोन जातात. भिंत कोरडी असेल तर तिला चढता येत नाही. म्हणून वरचा पट्टा कोरडा ठेवा, कचऱ्यात वाळका पाला किंवा भुसा जास्त घाला. त्याहून चांगलं म्हणजे तिला वाटच करून द्या: पिंपात तिरका पाइप, साधारण 30 ते 40 अंशांचा, आणि त्याच्या बाहेरच्या टोकाखाली कोरडी बादली. अळ्या आपणहून बादलीत येऊन पडतात.

बाहेर जाणाऱ्यांइतकीच काळजी आत येणाऱ्या मुंग्यांची. जुन्या घरांत जाळीच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायचे, ते रॅकलाही लागू पडतं. पाण्यात भांड्याच्या साबणाचा थेंब टाका. मुंगी पाण्यावर तरंगू शकत नाही आणि डासही तिथे नांदत नाहीत. पाणी आठवड्याला बदला, नाहीतर डेंग्यूच्या अळ्या शोधत फिरणारे महापालिकेचे लोक आधी तुमच्याच वाटीत डोकावतील. रॅकभोवती झुरळं मारायच्या खडूची रेघ मात्र ओढू नका. त्यातलं औषध पायरेथ्रॉइड जातीचं असतं, ते किड्यांइतकंच माशांनाही घातक.

एवढं करूनही एखादा सुटलाच तर फवारा मारण्याआधी थांबा. विष प्यायलेला किडा गेकोच्या तोंडी लागू नये. पायाचं तेच शास्त्र उलटं वापरा. एका बरणीला बाहेरून जुनं फडकं गुंडाळा, आतल्या काठाला जेली लावा, तळाला केळ्याचा तुकडा टाका आणि रात्री फ्रीजच्या मागे किंवा सिंकखाली ठेवा, कारण किड्यांना उबेची आणि ओलाव्याचीच जागा लागते. बाहेरून चढायला फडकं आहे, आत उतरल्यावर परतीची वाट नाही.

आणि साफसफाईनंतरचा गाळ, जुने ट्रे, मेलेले किडे तसेच कचऱ्यात टाकू नका. त्यात बारीक पिल्लं आणि अंडी असतात, आणि परदेशी किडे आपल्या नाल्यात सोडायचं काही कारण नाही. दोन पिशव्यांत बांधून दोन दिवस फ्रीजरमध्ये ठेवा, मग टाका. पिशवीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, कारण त्याच फ्रीजरमध्ये वर्षभराचे मटारही असतात.